भरावावरची कबर

आमच्याकडे माणूस मेला की त्याला घराशेजारीच पुरतात. जिथं पोरं खेळतात, बायका भांडी घासतात, तिथंच. तो मेला म्हणून घराबाहेरचा होत नाही. त्यामुळे आमच्या या तारावा बेटावर ज्याला स्वतःची जमीन नाही, त्याची जगताना एवढी पंचाईत होत नाही. कुणाच्या तरी आडोशाला चार खांब रोवून जगता येतं. पंचाईत होते ती मरताना.

माझा नवरा नाबुआका ओनोतोआ बेटावरचा. तिकडे त्याच्या वाट्याची जमीन होती, पण तिकडची बोट मनात येईल तेव्हा सुटते आणि प्रेत काही बोटीसाठी थांबत नाही. इथं आम्ही राहायचो ते तोकाताके मामांच्या जागेवर. मामा म्हणजे माझ्या आईचे चुलतभाऊ. रस्त्यापासून खाडीपर्यंत त्यांची जमिनीची एक पट्टी होती आणि त्या पट्टीच्या अगदी शेवटी, चिखलाला लागून, आमचं खोपट. मामांनी कधी 'उठा' म्हटलं नाही. पण मामीनं दर नाताळाला आठवण करून दिली, की आम्ही त्यांच्या जागेवर राहतो. मामी गेली तेव्हा मी रडले, पण फार नाही.

मग नाबुआकाचा एक गाववाला वारला, बेनेतो नावाचा. त्याचीही इथं जमीन नव्हती. विमानतळाच्या अंगाला सरकारी दफनभूमी आहे, तिथं त्याला नेलं. खड्डा खणला तर पाणी लागलं. पेटी खाली जाईना, तरंगत वर यायला लागली. शेवटी माणसांनी वल्ह्यांनी ती दाबून धरली आणि बाकीच्यांनी घाईघाईनं वाळू लोटली. नाबुआकानंही एक वल्हं धरलं होतं. घरी आला, जेवला नाही. म्हणाला, "आरोइता, मला असं दाबू नका."

"मग काय करू? खिशात घालून ओनोतोआला नेऊ?"

तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी ओहोटी लागल्यावर तो प्रवाळाच्या खडकांवर गेला आणि एक धोंडा खांद्यावर घेऊन आला. तो त्यानं आमच्या खोपटापुढच्या चिखलात ठेवला. त्यानंतर तो रोज जायचा.

असा आमचा भराव सुरू झाला. धोंड्यांची भिंत बाहेरून, आत जे मिळेल ते. वाळूची पोती, फुटक्या विटा, मोडके फ्रिज. फ्रिज कोपऱ्याला फार चांगला, आत वाळू भरली की हलत नाही. आणि माझ्या शिंपल्या. मी ओहोटीला चिखलातल्या शिंपल्या वेचायची आणि रस्त्याच्या कडेला बसून विकायची. लोक आतलं मांस खायचे, कवच आमच्या भरावात जायचं. कोणी म्हणत असेल ती जमीन नाबुआकानं केली, तर म्हणू दे. पण तिचा खालचा सगळा थर म्हणजे माझी कंबर आहे.

शेजारपाजारच्यांना फुकटचा तमाशा झाला. चर्चला जाताना थांबून विचारायचे, "काय नाबुआका, देवानं सहा दिवसांत आटपलं. तुझं कधी?"

"देवाला ओहोटीची वाट बघावी लागत नव्हती," तो म्हणायचा.

मोठी भरती आली की भिंतीचा तुकडा जायचा. तो परत रचायचा. मध्ये त्याला क्षय झाला, महिनोन्‌महिने गोळ्या खाल्ल्या, बरा झाला म्हणे. पण छातीत जे एकदा घुसलं ते पुरतं गेलं नाही. धोंडा ठेवायचा, खोकायचा, दुसरा आणायला निघायचा. मी ओरडायची. मी ओरडले म्हणून तो कधी थांबलाय असं मला आठवत नाही.

शेवटी एक दिवस चिखलाच्या जागी आमच्या पायांखाली कोरडी जमीन होती. आम्ही खोपट पुढं हलवलं. भिंतीजवळ, खाडीच्या बाजूच्या कोपऱ्यात, नाबुआकानं केतकीचं रोप लावलं आणि त्या रोपाच्या बाजूची जागा मोकळी ठेवली. तिथं मी कपडे वाळत घातले तरी त्याला खपायचं नाही.

"इथं मी," तो म्हणाला.

"आणि मी?"

"तू माझ्याशेजारी. पण तू एवढ्यात कुठली मरतेस? तुला अजून खूप जणांशी भांडायचंय."

मग रेडिओवर सरकारची घोषणा झाली. ज्यांनी ज्यांनी खाडीत भराव टाकलाय त्यांनी पुढं यावं, पाहणी होईल, परवाने मिळतील. लोक घाबरले, कारण आमच्याकडे अर्ध्या लोकांनी खाडी ढकललीय. नाबुआका घाबरला नाही, त्याला आनंद झाला. स्वच्छ शर्ट घालून तो वाट बघत बसला.

जमीन खात्याकडून एक तरुण बाई आली, बेरोनिका. पायात रबरी बूट, हातात मोजपट्टी.

"मावशी, ही जागा कोणाची?"

"दिसत नाही? चूल माझी आहे."

"तसं नव्हे. कायद्यानं भरतीचं पाणी जिथवर येतं, तिथवर सरकारचं."

"पाणी येत होतं. आता येत नाही."

"म्हणून तर विचारतेय," ती हसून म्हणाली.

नाबुआका म्हणाला, "पोरी, मी धोंडे वाहत होतो तेव्हा सरकार कुठं होतं?"

"काका, तेव्हा मी शाळेत होते."

बरी होती पोरगी. तिनं आमचा नारळाचा रस घेतला आणि सगळं नीट समजावून सांगितलं. आत्तापर्यंत ही जागा कागदावर जमीनच नव्हती. समुद्राचा तळ होती, आणि तळ सरकारचा. आता सरकार तिला जमीन म्हणायला तयार आहे. ज्यानं भराव केला त्याच्या नावानं परवाना निघू शकतो, फक्त मागच्या जुन्या जमिनीच्या मालकाची हरकत नको. तसं त्यानं जमिनीच्या कोर्टात येऊन तोंडानं सांगायचं. परवाना एका जागेला एकच, आणि नावही एकच.

आम्ही तसेच मामांकडे गेलो. मामा ओट्यावर पाय पसरून बसले होते. साखरेच्या आजारानं त्यांचा एक पाय काळा पडला होता.

"हरकत?" मामा म्हणाले. "अरे, माझ्या मागच्या दाराला डुकरांची घाण आणि भरतीचा कचरा होता. तुम्ही समुद्र पुढं ढकललात, मला वारा मोकळा झाला. मी येतो कोर्टात. सांगतो, की नाबुआकाचे धोंडे, नाबुआकाची जमीन."

मामांचा मुलगा तावीता तिथंच होता. बेतिओच्या धक्क्यावर नोकरीला, गळ्यात सोन्याची साखळी, पण मनानं वाईट म्हणावा असा नव्हता. तो म्हणाला, "दाजी, आमचं काय जातंय? तुम्ही केलीत, तुम्ही घ्या."

हे त्यानं म्हटलं. मी तिथं होते.

कोर्टाची तारीख काही लागेना. एकदा कोर्टातल्या तीन म्हाताऱ्या न्यायाधीशांपैकी एकाच्या नातीचं लग्न होतं. एकदा पंखा बंद होता. एकदा बेरोनिकाच नव्हती. समुद्र वाढतोय या विषयावर बोलायला तिला परदेशी पाठवलं होतं. आम्ही म्हटलं, जाऊ दे, आपला भराव कुठं पळून चाललाय? आणि तेवढ्यात मामा गेले.

त्यांच्या पट्टीत पुरायला जागा नव्हती. म्हणजे नव्हती असं तावीता म्हणाला. मामांचे आईबाप, मामी, त्यांची लहानपणी गेलेली दोन मुलं, सगळे घराभोवती दाटीवाटीनं झोपले होते. उरलेल्या जागेत पाण्याची टाकी आणि तावीतानं भाड्यानं दिलेल्या खोल्या. खोली पाडली असती तर जागा झाली असती. पण कबर भाडं देत नाही.

तावीता आणि त्याची बायको आमच्याकडे आले. मी चटई अंथरली. तावीता चटईवर बसला नाही, खाली नुसत्या खडीवर बसला. तेव्हाच मी ओळखलं, हा काहीतरी मागायला आलाय.

"दाजी," तो म्हणाला, "मी बुबुसी घेऊन आलोय."

आता ज्यानं हे कधी पाहिलं नाही त्याला वाटेल, मागणं ते मागणं, द्यायचं तर द्या, नाहीतर नको. बुबुसीचं तसं नाही. आपल्या माणसानं खाली बसून तो शब्द काढला, की समोरच्याच्या तोंडात 'नाही' शिल्लकच राहत नाही. नाही म्हणणारा नुसता कंजूष ठरत नाही, तो माणसांतून उठतो. मग गावच्या सभामंडपात त्याच्या शेजारी कोणी बसत नाही. माझं शिवणयंत्र असंच नणंदेकडे गेलं, अजून तिकडेच आहे. लोकांनी होड्या दिल्यात, काहींनी पोटची पोरंसुद्धा दिलीत.

"बाबांना जागा द्या," तावीता म्हणाला आणि रडायला लागला. ते रडणं खोटं नव्हतं. मी त्याचं लहानपण पाहिलंय. तो खोटं रडला की मला कळतं.

मी म्हटलं, "चर्चच्या अंगणात विचारलंस का?"

नाबुआकानं हात करून मला अडवलं.

"दिली," तो म्हणाला.

आणि दिली ती कुठली? केतकीशेजारची. मी म्हटलं, अरे, दुसरीकडे दे, माझी चूल हलवते, तिथं दे. तर म्हणतो, दिल्यासारखं द्यायचं तर चांगलं द्यावं. मामांनी आपल्याला कधी उठवलं नाही. आणि मला अजून वेळ आहे, मी दुसरी जागा बघेन. खड्डाही त्यानंच खणला. खोकत खोकत, माझ्या शिंपल्यांचा थर फोडत खाली गेला. पाणी लागलं नाही. ते बघून त्याला केवढा अभिमान वाटला! खड्ड्यातूनच मला हाक मारली, "आरोइता, बघ, कोरडं!"

कबरीवर तावीतानं सिमेंट घातलं, पांढरा क्रूस बसवला. काम चांगलं झालं होतं. मी रोज तिथं झाडायची.

मग तारीख लागली.

जमिनीचं कोर्ट म्हणजे तीन म्हातारे, एक टेबल आणि बाहेर खाली बसलेले आम्ही सगळे. मुख्य न्यायाधीश बाकोआ, मामांच्याच वयाचे. बेरोनिकानं जागेचं माप वाचलं, भिंत पक्की आहे म्हणाली, आम्ही तिथं राहतो म्हणाली. मग खाली बघत म्हणाली, "या भरावावर एक कबर आहे."

तिन्ही म्हातारे पुढं झुकले.

आमच्याकडे जमीन कोणाची हे ठरवायचं झालं की म्हातारे कागदाआधी एकच विचारतात, तिथं कोण पुरलंय? जिथं ज्याचा बाप, तिथं त्याची जमीन. हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मग आम्हाला हे आधी का सुचलं नाही? कारण आमच्या भरावाला कोणी जमीन मानतच नव्हतं! ती होती फ्रिज आणि शिंपल्यांची रास, नाबुआकाचं वेड. सरकारनं ज्या घटकेला तिला जमीन म्हटलं, त्या घटकेला बापजाद्यांची रीत तिला लागू झाली. आम्हाला जमीन हवी होती, ती झाली, आणि झाल्या झाल्या हातची गेली.

"तावीता, तुझी हरकत आहे?" बाकोआंनी विचारलं.

तावीता उठला. त्यानं आमच्याकडे पाहिलं नाही. "मला भांडायचं नाहीये. अक्का आणि दाजी राहू देत तिथंच, कोण उठवतंय? पण माझा बाप तिथं आहे. उद्या दाजींनी ती जागा दुसऱ्याला दिली तर? बापाची कबर परक्याच्या नावावर कशी ठेवू? परवाना आमच्या नावानं निघावा."

परक्याच्या! ज्यानं त्याच्या बापासाठी खड्डा खणला तो परका. मला उठून त्याची ती साखळी ओढावीशी वाटली.

"कोणी शिकवलं तुला हे?" मी खालूनच ओरडले.

"आरोइता, तुझी पाळी नाही," बाकोआ म्हणाले. मग ते नाबुआकाकडे वळले. त्यांचा आवाज मऊ झाला. मला तेव्हाच कळलं, ते त्याला वाट दाखवत होते. "नाबुआका, नीट ऐक. ती जागा तू तेवढ्यापुरती उसनी दिली होतीस का? दुसरी सोय होईपर्यंत? तसं असेल तर तसं सांग. मग कबर हलवायला सांगता येतं, आणि कबर हलली की जमीन तुझी."

नाबुआका उठून उभा राहिला. त्याला खोकला आला. सगळे थांबले.

मी त्याच्या पायाला चिमटा काढला. म्हटलं, "उसनी म्हण. एकच शब्द आहे. म्हण."

"बुबुसी होती," तो म्हणाला.

"म्हणजे दिली?"

"दिली."

"काही अट घातली होतीस?"

"बुबुसीला अट घालतात का, बाकोआ? तुम्ही मला विचारता?"

बाहेर बसलेल्या म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. एकजण म्हणाला, "वा!" माझ्या अंगाची लाही लाही झाली. तुमचं 'वा' होतं आणि माझं घर जातं.

"कबरीएवढी दिली!" मी उभी राहिले. "सगळी नाही दिली! भिंत दिली नाही, चूल दिली नाही!"

"बाई, परवान्यावर नाव एकच लागतं," बाकोआ म्हणाले. "आणि कबर मधे ठेवून तिच्या भोवतालची जमीन दुसऱ्याची, असं या कोर्टानं आजवर कधी केलं नाही." ते खूश होऊन बोलत होते असं नाही. चष्मा काढून पुसत बसले. पण चष्मा पुसून काय होतं? निकाल लागला. परवाना तावीताच्या नावानं.

बेरोनिका माझ्याजवळ आली. "मावशी, मला वाटलं नव्हतं असं होईल."

"तू काय करणार? तू तेव्हा शाळेत होतीस," मी म्हटलं. ते मी टोचून म्हटलं, आणि तिला टोचलंही. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

घरी येताना नाबुआका पुढं आणि मी मागं. मी त्याला सोडलं नाही. "मोठा दानशूर! स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा तर एवढे धोंडे लांबून कशाला आणलेस? एक पुरला असता."

"खोटं कसं बोलू?"

"खोटं कुठलं? एक शब्द इकडचा तिकडे."

"उसनी म्हणालो असतो, तर उद्या मामांना उकरून काढलं असतं. माझ्या सांगण्यावरून. मग मी कुठल्या तोंडानं लोकांत बसलो असतो?"

"आता बस की लोकांत! बसायला जागा आहे. झोपायला नाही."

हे बोलल्यावर तो थांबला. मागं वळून माझ्याकडे पाहिलं आणि परत चालायला लागला. त्यानंतर हा विषय त्यानं कधी काढला नाही. मी मात्र काढायची. दर आठवड्याला काढायची. राग कुणावर काढणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

तावीता वाईट वागला नाही, हे मला सांगायलाच हवं, कारण ते खरं आहे आणि त्यामुळेच जास्त संताप येतो. त्यानं आम्हाला उठवलं नाही. नाताळाला तांदळाचं पोतं आणि मांसाचे डबे पाठवले. फक्त एक दिवस येऊन म्हणाला, "अक्का, खाडीच्या बाजूला मी डिझेलची पिंपं ठेवायला एका व्यापाऱ्याला जागा देतोय. तुमचं खोपट थोडं मागं घ्याल?" म्हणजे आम्ही परत जिथून निघालो होतो त्याच्या जवळपास आलो. आमच्याकडे साप नाहीत, पण आयत्या बिळात जाऊन बसणारे खूप आहेत.

आणि नाबुआका? तो भिंत डागडुजी करतच राहिला. मोठी भरती येऊन गेली की हा उठायचा, ढासळलेले धोंडे शोधायचा, परत रचायचा. व्यापाऱ्याचा माणूस पिंपावर बसून सिगारेट ओढत बघायचा.

"कोणाची भिंत रचतोस तू?" मी विचारलं.

"भिंत फुटली तर मामांची कबर पहिली जाईल."

"जाऊ दे की! तावीता बघेल."

"तावीताला भिंत रचता येत नाही," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. तावीताला खरंच येत नव्हती.

एका सकाळी तो एक धोंडा उचलताना खाली बसला आणि परत उठला नाही. मी शिंपल्या धूत होते. बसलाय असंच वाटलं मला. हाक मारली, ओ दिली नाही. जवळ गेले तर हात अजून धोंड्यावर होता. पिंपावरचा माणूस धावत आला, त्यानं मला मदत केली. बायका जमल्या, चटया आल्या, नाबुआकाला आत निजवलं. आमची मुलगी लांब मारकेई बेटावर नांदते, तिला निरोप गेला. ती पोहोचणार नाही हे सगळ्यांनाच माहीत होतं.

आणि मग सगळ्या बायका गप्प झाल्या. का, ते मला कळलं. कोणी विचारायला धजत नव्हतं. नाबुआकाला कुठं ठेवायचं?

मी मनाशी ठरवलं होतं, काही झालं तरी तावीतापुढं बसायचं नाही. ओनोतोआची बोट कधी सुटणार ते धक्क्यावर कोणालाच ठाऊक नव्हतं. चर्चच्या अंगणात पाद्रींशिवाय कोणाला पुरत नाहीत. राहिली विमानतळाशेजारची जागा. पाऊस लागलेला, अमावास्येची भरती. मी नाबुआकाच्या तोंडावरची माशी हाकलत बसले होते आणि माझ्या डोळ्यांपुढं ती वल्ही येत होती. चार माणसं, आणि पेटी वर येतेय. 'मला असं दाबू नका' एवढंच तर त्यानं आयुष्यात माझ्याकडे मागितलं होतं. बाकी जन्मभर तो लोकांना देतच राहिला.

मी उठले. अंगावरचे कपडे नीट केले. मामांच्या जुन्या घरी गेले. तावीता नोकरीवरून आलाच होता, बातमी कळून. त्याची बायको चटई आणायला वळली.

मी खडीवर बसले.

भांडायला शब्द मला कधी कमी पडले नाहीत. घरून येताना सगळे जुळवले होते: तुझ्या बापासाठी ज्यानं खणलं त्याला, ज्याच्या धोंड्यांवर तुझी पिंपं उभी आहेत त्याला. त्यातला एकही बाहेर आला नाही. मी मान खाली घातली. "तावीता, मी बुबुसी घेऊन आलेय," मी म्हटलं.

"अक्का!" तो लगेच खाली उतरून माझ्यासमोर बसला. त्याचे डोळे भरून आले. हेही खरंच होतं. "असं खाली बसायचं असतं का? दाजी माझे नव्हते का? दिली. दिली म्हणून समज."

मग तो माझ्याबरोबर भरावावर आला. भिंतीजवळची जागा त्यानं डोळ्यांनी मापली आणि मान हलवली. तिथं व्यापाऱ्याची पिंपं होती आणि करार अजून बरीच वर्षं होता. केतकीपलीकडे पाण्याचा नळ घ्यायचा होता. शेवटी त्यानं मामांच्या पायांशी एक पट्टी दाखवली, त्याच्या डुकरांच्या कुंपणाला लागून. "कुंपण मी थोडं सरकवतो," म्हणाला. आणि सरकवलं, स्वतःच्या हातानं, शर्ट काढून.

खणताना शिंपल्यांचा थर लागला. पाणी लागलं नाही.

सगळं आटोपल्यावर सभामंडपात जेवणं बसली. बाकोआ आले होते, इतर म्हातारेही. तावीतानं एक डुक्कर कापलं होतं, तांदूळ त्याचाच, साखर त्याचीच. एका म्हाताऱ्यानं उठून दोन शब्द सांगितले. नाबुआका कष्टाळू होता म्हणाला, आणि मग बराच वेळ तावीतावर बोलला. ज्याला इथं हातभर जमीन नाही, त्या परमुलखाच्या माणसाला यानं आपल्या बापाच्या पायांशी जागा दिली. आजकाल कोण देतं?

"मन मोठं आहे हो," माझ्याशेजारची बाई म्हणाली. "अगदी बापावर गेलाय. नाही का, आरोइता?"

सगळे माझ्याकडे बघत होते. तावीतासुद्धा बघत होता. त्याच्या डोळ्यांत लबाडी नव्हती, त्याला खरोखरच ऐकायचं होतं. मी मान हलवली. मग उठले आणि आधी त्याला वाढलं.